कोळिकोडच्या रस्त्यावरचं नंजनगूड

कोळिकोडहून वायनाडचा घाट चढून गुंडलुपेटमार्गे म्हैसूरला येणारा ७६६ क्रमांकाचा महामार्ग नंजनगूडमधून जातो. कर्नाटकातलं, कपिलेकाठचं हे गाव श्रीकंठेश्वराचं आणि रसबाळे केळ्यांचं. मे २०१८ मध्ये कोळिकोड जिल्ह्यातल्या पेरांब्र्यात निपाहची साथ आली, सतरा जण दगावले. रुग्णांची सेवा करणारी लिनी ही तरुण परिचारिकाही त्यात गेली. तेव्हापासून केरळात निपाह निघाला की कर्नाटकाच्या सीमेवरचे जिल्हे सावध होतात. २०२३ च्या सप्टेंबरातही तेच झालं. साथ पसरायला वेळ लागत नाही, हे नंजनगूडने मधल्या काळात अनुभवलं होतं: मार्च २०२० मध्ये इथल्या एका औषध कारखान्यातून कोविडची साखळी सुरू झाली आणि सत्तरहून अधिक रुग्ण निघाले.

पेरांब्र्याच्या साथीत डुकरं, गाई, शेळ्यांचे नमुने तपासले गेले. त्यांत काही सापडलं नाही. विषाणू मिळाला तो फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांत. म्हणून गोठ्याकडे पाहायचं कारण नाही, असं मात्र मुळीच नाही.

हा रोग प्रथम ओळखला गेला तोच डुकरांमुळे. १९९८ साली मलेशियात वराहपालनाच्या शेडला लागून आंब्याची झाडं होती. रात्री वटवाघळं येत, अर्धवट खाल्लेली, लाळ लागलेली फळं खाली पडत आणि डुकरं ती खात. डुकरं जोरजोरात खोकू लागली, पण मरत थोडीच होती. सरकारने जपानी मेंदूज्वर समजून डास मारण्याची फवारणी केली. तोवर डुकरांची खरेदी-विक्री चालूच राहिली आणि रोग ट्रकमधून दुसऱ्या राज्यात गेला. १०५ माणसं मेली, दहा लाखांवर डुकरं मारावी लागली. पुढे शेडजवळ फळझाडं लावायला तिथे बंदी आली.

वटवाघळांची झाडं तोडा, ही मागणी दर साथीत होते. ती चुकीची आहे. हुसकावलेली वटवाघळं दुसऱ्या वस्तीजवळ जातात, विषाणू त्यांच्याबरोबरच जातो. सीमेवरच्या नाक्यावर प्रवाशांचा ताप जरूर मोजावा, पण खोकणाऱ्या डुकराची खबर पशुवैद्याकडे साथ नसतानाही पोचली पाहिजे.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने साथ नसतानाचा असा शोध वटवाघळांत आधीच घेतला होता. महाराष्ट्रात निपाहचा एकही रुग्ण नसताना, मार्च २०२० मध्ये तिच्या संशोधकांनी महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली. काहींच्या रक्तात निपाहविरोधी प्रतिपिंडं निघाली.