हिपॅटायटिस-सी आणि मौखिक आरोग्य

मराठीतील ‘कावीळ’ आणि उर्दूतील ‘यरकान’ हे शब्द उच्चारताच पिवळे डोळे नजरेसमोर येतात. परंतु हिपॅटायटिस-सी या यकृताच्या विकारात बहुतेक रुग्णांचे डोळे पिवळे होतच नाहीत. १९८९ साली शोध लागलेला हा विषाणू वर्षानुवर्षे मुकाट्याने यकृत पोखरत राहतो. त्याच्या काही खुणा तोंडात दिसतात, म्हणून दंतवैद्यकाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

पहिली खूण म्हणजे तोंडाची कोरड. या संसर्गात काहींच्या लाळग्रंथींना दाह होऊन लाळ घटते. लाळ दातांवरील आम्ल धुऊन काढते. ती कमी झाली की हिरड्यांलगत दात किडतात, बुरशीचा संसर्ग होतो आणि कवळी नीट बसत नाही. दुसरी खूण ‘लायकेन प्लॅनस’ या विकाराची. गालांच्या आतील बाजूस जाळीसारख्या पांढऱ्या रेषा उमटतात, तिखट लागताच आग होते. हा विकार संसर्गजन्य नाही. मात्र क्वचित त्याचे कर्करोगात रूपांतर होत असल्याने नियमित तपासणी हवी आणि तंबाखू व गुटखा वर्ज्य करावा.

तिसरी बाब अधिक गंभीर आहे. रक्त गोठवणारे अनेक घटक यकृतात तयार होतात. यकृत आकसून निबर झाले की हे घटक आणि रक्तातील प्लेटलेट्स दोन्ही घटतात. अशा रुग्णाचा दात काढल्यास रक्तस्राव लवकर थांबत नाही. म्हणून आधी रक्ततपासणी आवश्यक ठरते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके अशा रुग्णाने टाळावीत. पॅरासिटामॉलची मात्राही डॉक्टरांनीच ठरवावी.

नेमकी हीच माहिती अनेक रुग्ण दंतवैद्यापासून लपवतात, कारण उपचार नाकारले जातील अशी त्यांना धास्ती असते. वस्तुतः नाकारण्यास शास्त्रीय आधार नाही. हातमोजे, मुखपट्टी, निर्जंतुक अवजारे आणि दरवेळी नवी सुई ही दक्षता प्रत्येक रुग्णासाठी घ्यावयाची असते. आपल्याला संसर्ग आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसते. हा विषाणू मुख्यतः रक्तातून पसरतो. एका ताटात जेवल्याने किंवा हस्तांदोलनाने नव्हे. दातांचा ब्रश, मिसवाक आणि दाढीचे पाते मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र असावे.

या रोगावर लस नाही, पण इलाज आहे. पूर्वीच्या इंटरफेरॉन उपचाराचे दुष्परिणाम बरेच असत. आता तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांनी साधारणतः तीन महिन्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. भारतात २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत मिळतात. रोग बरा झाल्यावरही प्रतिपिंडांची चाचणी सकारात्मकच येते. विषाणू उरला आहे की नाही हे आरएनए चाचणीतून कळते. जुना अहवाल पाहून बऱ्या झालेल्या माणसाला आजारी ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

काविळीसाठी माळ घालणे, ती मंत्राने उतरवणे असे उपाय आजही होतात. त्यात उपचाराची मोलाची वर्षे निघून जातात. २८ जुलै हाच जागतिक हिपॅटायटिस दिन आहे. त्या दिवशी महाविद्यालयात रक्ततपासणी आणि दंततपासणी एकत्र घेतल्यास विद्यार्थ्यांमार्फत ही माहिती घरोघरी पोहोचेल. रुग्णाने आजार निःसंकोच सांगावा आणि ऐकणाऱ्याने त्याला दूर लोटू नये, एवढी समज रुजवणे अध्यापकांच्या हाती निश्चितच आहे.