'सी-ए-टी' आणि रडवेलं पोर

मैत्रिणींनो, पहिलीतलं मूल 'सी-ए-टी' घडाघडा म्हणतं आणि 'कॅट' वाचताना अडतं. आपण वैतागतो, पोर रडवेलं होतं. पण चूक त्याची नाही हो! मराठीत 'क' दिसला की 'क'च म्हणायचं. इंग्रजीत अक्षराचं नाव 'सी', उच्चार मात्र 'क'! अक्षरं २६ आणि उच्चार सुमारे ४४, गोंधळ होणारच.

म्हणून आधी उच्चार शिकवा: क्-अ‍ॅ-ट्, कॅट. शब्दही त्याच्या ओळखीचेच घ्या: कप, बस, पेन. खाली मराठीत उच्चार मात्र लिहून देऊ नका. नजर तिथंच जाते. रोज दहा मिनिटं पुरेत. आणि रात्रीची मराठी गोष्ट चुकवू नका. आपल्या भाषेत वाचनाची गोडी लागली, की तीच इंग्रजीतही उपयोगी पडते.