रद्द केलेल्या तिकिटाचा हिशोब

२०२४ च्या डिसेंबरात इंदूरला मावसबहिणीचं लग्न होतं. आई-बाबांची हैदराबाद-इंदूर विमानाची तिकिटं मीच काढली. रविवारी रात्री, मोबाइलवर, एका प्रवास-पोर्टलवरून. प्रवासाला तीन आठवडे अवकाश होता. सोमवारी दुपारी बाबा न्हाणीघरात घसरले आणि घोट्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. दवाखान्याच्या धावपळीत तिकिटं कुणाच्या डोक्यातच आली नाहीत. मंगळवारी सकाळी मी ती रद्द केली. ९,९६० रुपयांपैकी परत मिळाले ६६०, आणि तेही पोर्टलच्या वॉलेटमध्ये.

"जाऊ द्या बाबा, विमानाचं असंच असतं," मी म्हणालो.

"तपशील दाखव. पाय मोडलाय, डोकं नाही," बाबा म्हणाले. त्यांची सगळी नोकरी बँकेत गेली. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, पण स्क्रीनवरच्या बेरजेवर शंका घ्यायची सवय त्यांची.

पलंगावर बसून त्यांनी एका तिकिटाचे आकडे मांडले. मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून ३,५००. कर, विमानतळाचं वापर शुल्क आणि सुरक्षा शुल्क १,१३०. पोर्टलची कन्व्हीनियन्स फी ३५०. एकूण ४,९८०. त्यातून विमान कंपनीने कापले ४,०००, पोर्टलने सेवा शुल्क म्हणून ३००, आणि कन्व्हीनियन्स फी परत मिळतच नाही. उरले ३३०.

"भाडंच साडेतीन हजार, तर दंड चार हजार कसा?" बाबांनी विचारलं.

मग मी डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा तिकीट परताव्याचा नियम शोधून वाचला. तेव्हा लागू असलेल्या नियमात स्पष्ट लिहिलं होतं की रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्यापेक्षा जास्त असू शकत नाही. सवलतीचं, 'नॉन-रिफंडेबल' तिकीट असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत करावीच लागतात. आपण प्रवासच केला नाही, तर विमानतळ वापरल्याचे पैसे कसले? म्हणजे माणशी ५०० रुपये सरळसरळ जास्त कापले होते.

वॉलेटचंही तसंच. पैसे पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवायचे की परत घ्यायचे, हे प्रवाशाने ठरवायचं असतं. रद्द करताना वॉलेटच्या गोलात आधीच खूण केलेली होती, आणि मी घाईत पुढे गेलो. अशी खूण आधीच करून ठेवणं हा विसरभोळेपणा नसतो, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला तरी कळायला हवं होतं.

खरी हळहळ वाटली ती दुसऱ्याच कलमाची. तिकीट काढल्यापासून २४ तासांत ते विनाशुल्क रद्द करता येत होतं. अट एवढीच की थेट विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेलं असेल, तर प्रवास किमान सात दिवस पुढे हवा. तिथूनच काढलं असतं आणि सोमवारी रात्री दहाच्या आत रद्द केलं असतं, तर हा हिशोब मांडावाच लागला नसता. या नियमांत अधूनमधून बदल होतात, म्हणून तिकीट काढताना डीजीसीएच्या संकेतस्थळावर चालू नियम बघून घ्या.

मी पोर्टलला लिहिलं. उत्तर आलं, 'विमान कंपनीला विचारा.' कंपनी म्हणाली, 'पोर्टलला विचारा.' नियमात मात्र एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवरच टाकलेली आहे, आणि त्यासाठी ३० कामकाजाच्या दिवसांची मुदत होती. तेच वाक्य, बाबांचा हिशोब आणि तिकिटाची प्रत जोडून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा'वर तक्रार नोंदवली. तिथेही दाद लागली नसती, तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लिहून ठेवला होता. त्याची गरज पडली नाही. फेब्रुवारीत १,६६० रुपये माझ्या कार्डावर जमा झाले.

पोर्टलच्या सेवा शुल्काचे ६०० मात्र आले नाहीत. बाबांच्या वहीत ते अजून 'येणे' बाजूलाच आहेत.