कॉन्कॉर्डचा थोरो आणि वऱ्हाडचे गवत

वऱ्हाडला समुद्र नाही. तथापि १९३० च्या एप्रिल महिन्यात, दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी चिमूटभर मीठ उचलल्यास फार दिवस लोटले नाहीत तोच, अकोला जिल्ह्यातील दहीहंडा गावी मिठाचा कायदा मोडण्यात आला. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणीच खारट. ज्या पाण्याला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या दूषणे देत आला, तेच पाणी आटवून लोकांनी मीठ केले. पुढे पावसाळा लागला. रानात गवत वाढले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव रानातील गवत विनापरवाना कापले आणि ते आनंदाने तुरुंगात गेले. त्यानंतर वऱ्हाडात गावोगावचे लोक विळे घेऊन रानाकडे निघाले.

मूठभर मीठ आणि भाराभर गवत! दिसावयास किती क्षुल्लक गोष्टी! परंतु अन्याय्य कायदा उघडपणे मोडावा, त्याची शिक्षा शांतपणे भोगावी आणि तसे करताना कोणाचा द्वेष करू नये, हा त्यामागील विचार क्षुल्लक नव्हता. हा विचार पूर्वी ज्यांनी निर्भीडपणे मांडला, त्यांत अमेरिकेतील एका तळ्याकाठी राहिलेला एक वृक्षप्रेमी गृहस्थ होता. त्याचे नाव हेन्री डेव्हिड थोरो.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतातील कॉन्कॉर्ड या लहानशा गावी झाला. घरचा धंदा शिसपेन्सिली करण्याचा. हार्वर्ड येथे शिक्षण झाले. काही काळ त्याने मास्तरकी केली, पुढे जमिनीची मोजणी करून तो पोट भरी. ४ जुलै १८४५ रोजी तो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहावयास गेला. त्या झोपडीस अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट खर्च आला, हा हिशेब त्याने आपल्या ग्रंथात पैपैसह दिला आहे. जवळच अडीच एकरांत त्याने घेवड्यासारख्या शेंगा लावल्या. सुमारे सव्वादोन वर्षे तो तेथे राहिला. तळ्याची खोली मोजावी, पक्ष्यांचे येणे-जाणे टिपावे, बर्फ केव्हा धरतो व केव्हा फुटतो ते पाहावे, असा त्याचा दिनक्रम होता. माणसाला जगावयास खरोखर किती लागते, हे त्याला अनुभवाने ठरवावयाचे होते.

याच काळात, १८४६ च्या जुलै महिन्यात, गावात जोडा दुरुस्तीस टाकावयास गेला असता त्याला अटक झाली. अनेक वर्षे त्याने डोईपट्टी भरली नव्हती. जे सरकार गुलामगिरीला आश्रय देते आणि मेक्सिकोवर चाल करून जाते, त्याला आपण पैसा का पुरवावा, असा त्याचा प्रश्न होता. त्याच्या इच्छेविरुद्ध कोणी तरी कर भरला आणि एका रात्रीनंतर त्याची सुटका झाली. सुटल्यावर दुरुस्त झालेला जोडा पायात घालून तो मंडळींबरोबर रानात बोरासारखी फळे वेचावयास गेला! त्या एका रात्रीतून १८४९ साली जो निबंध छापून निघाला, तो पुढे ‘सविनय कायदेभंग’ या नावाने जगभर गेला.

त्याच्या हयातीत मात्र त्याला फारसे कोणी विचारले नाही. पहिल्या ग्रंथाच्या एक हजार प्रतींपैकी ७०६ प्रती प्रकाशकाने त्याच्याच घरी परत पाठविल्या. ‘वॉल्डन’ हा ग्रंथ १८५४ साली निघाला. ६ मे १८६२ रोजी, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, क्षयाने त्याचे देहावसान झाले.

थोरो आणि हिंदुस्थान यांचे नाते मात्र त्याच्या हयातीतच जुळले होते. चार्ल्स विल्किन्स याने १७८५ साली इंग्रजीत आणलेली भगवद्गीता तो वॉल्डनकाठी वाचीत असे. हिवाळ्यात त्या तळ्यावरचा बर्फ मजुरांनी कापून नेला. अमेरिकेचा बर्फ त्या काळी जहाजांतून कलकत्ता-मुंबईपर्यंत येई. तेव्हा आपल्या तळ्याचे पाणी गंगेच्या पाण्याला मिळत आहे, अशी कल्पना त्याने केली. ही कल्पना पुढे निराळ्या रीतीने खरी ठरली.

गांधीजी १९०७ साली दक्षिण आफ्रिकेत लढा देत असता त्यांच्या हाती थोरोचा निबंध आला. आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ या पत्रात त्यांनी त्याच वर्षी त्याचा सारांश व उतारे छापले. येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. सत्याग्रहाची कल्पना गांधीजींनी थोरोपासून उचलली असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु निबंध हाती पडण्यापूर्वीच आपला प्रतिकार बराच पुढे गेला होता, असा खुलासा त्यांनी स्वतः १९३५ साली एका पत्रात केला. तेव्हा थोरो हा सत्याग्रहाचा जनक नव्हे. एकट्याने वाट चालणाऱ्यास दूरच्या टेकडीवर दुसऱ्याचा दिवा दिसावा आणि आपली दिशा चुकली नाही अशी खात्री पटावी, तसे हे झाले. विचारांचा प्रभाव पुष्कळदा याच रीतीने पडत असतो.

याच ‘इंडियन ओपिनियन’ पत्राशी अकोल्याचा एक जिव्हाळ्याचा संबंध आहे. अकोल्यात नानाभाई मश्रूवाला यांचे कुटुंब राहत असे. तत्त्वचिंतक किशोरलाल मश्रूवाला हे त्यांचेच बंधू. नानाभाईंची कन्या सुशीला हिचा जन्म १९०७ सालचा, म्हणजे थोरोचे उतारे जेव्हा त्या पत्रात छापले गेले त्याच वर्षीचा. ६ मार्च १९२७ रोजी अकोल्यात तिचा विवाह गांधीजींचे द्वितीय चिरंजीव मणिलाल यांच्याशी झाला. मणिलाल हे त्या वेळी दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’ चालवीत. अकोल्याची ही कन्या तेथे छापखान्याच्या कामात पतीबरोबर राबली, आणि १९५६ साली पतीच्या निधनानंतर १९६१ पर्यंत तिने ते पत्र संपादिले. ज्या पानांवरून थोरोचा शब्द हिंदी लोकांपर्यंत पोचला, त्या पत्राचा शेवटचा सांभाळ असा वऱ्हाडच्या लेकीकडे आला.

आता एक शंका साहजिकच उद्भवते. ज्याने झाडांवर आप्तांप्रमाणे प्रेम केले, त्याच्या विचाराशी नाते सांगणारे लोक रानात विळे घेऊन शिरले, हे कसे? याचे उत्तर त्या काळच्या रानाच्या व्यवस्थेत सापडते. रान राखीव ठरले, की तेथील चारा, सरपण, मोहाची फुले यांवरचा गावचा वहिवाटीचा अधिकार जाई किंवा परवान्यापुरता उरे. उन्हाळ्यात गुरे हंबरत असता कुंपणापलीकडचे गवत वाळून जाई. झाडे तोडण्याची हौस सत्याग्रह्यांना नव्हती. त्यांनी निवडले ते गवत, जे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवते. रान हे सरकारी तिजोरीचे साधन मानणे थोरोलाही मान्य नव्हते. उलट १८६० सालच्या एका व्याख्यानात, वारा, पक्षी आणि खारी बिया दूरवर नेऊन नवे रान कसे उभे करतात, हे त्याने समजावून दिले. रान जपावे हे खरे. परंतु ते कोणी व कोणासाठी जपावे, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

मराठी वाचकास थोरोची खरी ओळख करून दिली ती दुर्गाबाई भागवत यांनी. ‘ऋतुचक्र’ या १९५६ सालच्या पुस्तकात बारा महिन्यांची झाडे, फुले, आभाळ ज्यांनी टिपले, त्या दुर्गाबाईंना थोरो आपला वाटावा यात नवल नाही. त्यांनी ‘वॉल्डन’चा मराठी अनुवाद ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने केला. हे प्रेम केवळ पुस्तकी नव्हते. १९७५ सालच्या अखेरीस कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीचा निषेध केला आणि १९७६ साली कारावास पत्करला. फुलांचे वर्णन करणारी लेखणी आणि तुरुंगाची वाट, ही दोन्ही एकाच जीवनात कशी नांदतात, याचे दुसरे उदाहरण शोधावयास अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण उरले नाही.

आज वऱ्हाडात तो प्रश्न मेळघाटात उभा आहे. १९७४ साली तेथे व्याघ्रप्रकल्प झाला. वाघाला निवांत रान हवे, हे खरे. आणि त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कोरकूंची गावे उठविताना त्यांचे जिणे तुटते, हेही तितकेच खरे. यावर एक वाट मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर या अमरावती जिल्ह्यातील गावाने दाखविली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २०१२ साली या गावास सामूहिक वनहक्क मिळाला. गावकऱ्यांनी उजाड रान राखले, झाडे लावली, आणि तेथील सीताफळे ते स्वतः बाजारास पाठवू लागले. पुसदच्या गवतापासून पायविहीरच्या सीताफळापर्यंतचे हे अंतर ब्याऐंशी वर्षांचे आहे.

थोरोची झोपडी केव्हाच नाहीशी झाली. तिच्या जागी आता दगडी खुणा आहेत. कॉन्कॉर्डच्या फुलांच्या बहराच्या ज्या तारखा त्याने लिहून ठेवल्या, त्यांच्याशी आजच्या तारखा ताडून शास्त्रज्ञ हवामानातील बदल मोजतात. त्याची झोपडी किंवा त्याचा एकांत यांचे अनुकरण थोड्यांनाच साधेल. परंतु त्याने विचारलेले दोन प्रश्न कोणत्याही घरात विचारता येतात: आपणास खरोखर किती पुरे आहे? आणि कोणत्या गोष्टीस आपण नाही म्हटले पाहिजे? दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरीकाठी जमलेल्या लोकांपैकी कितीकांनी थोरोचे नाव ऐकले असेल? बहुधा कोणीच नाही. पण यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्या हातांनी दिले होते.