सालीच्या कडेचा हिशेब

जॉर्ज नाकाशिमा यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, न्यू होप गावाजवळ, फर्निचरचे काम सुरू केले तेव्हा चांगले लाकूड घेण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते. व्यापाऱ्यांनी बाजूला टाकलेला माल ते उचलत. त्यात गाठी असत, भेगा असत, कडा वेड्यावाकड्या असत. त्या कडा तासून सरळ करण्याऐवजी त्यांनी झाडावर होत्या तशाच राखल्या. आज अशाच अखंड फळीला ‘लाइव्ह एज स्लॅब’ म्हणतात आणि तिचा भाव ऐकून गिऱ्हाईक दचकते. एकेकाळचा हा टाकाऊ माल आज एवढा महाग का, याचे थोडे उत्तर फॅशनमध्ये आहे. उरलेले सगळे वखारीत.

नाकाशिमा मूळचे वास्तुविशारद. जन्म १९०५ मधला, स्पोकेनचा, आईवडील जपानी. टोकियोत ते अँटोनिन रेमंड यांच्याकडे काम करत होते आणि त्याच कार्यालयातर्फे १९३७ मध्ये पुदुच्चेरीला आले. अरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या वसतिगृहाच्या बांधकामावर त्यांनी देखरेख केली आणि तिथले सागवानी फर्निचरही आखले. आश्रमात त्यांना ‘सुंदरानंद’ हे नाव मिळाले. पुढे ते अमेरिकेत परतले आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले. १९४२ मध्ये नाकाशिमा पत्नी आणि तान्ह्या मुलीसह आयडाहोच्या मिनिडोका छावणीत गेले. तिथे गेंतारो हिकोगावा या जपानी सुताराच्या हाताखाली ते मोडक्यातोडक्या सामानावर काम शिकले. १९४३ मध्ये रेमंड यांनी त्यांची सुटका करवली आणि न्यू होपला आणले. तिथे त्यांनी सुरू केलेला कारखाना आजही चालू आहे.

तिथली लाडकी जात म्हणजे काळा अक्रोड. त्याच्याच एका फळीचे गणित मांडू. अमेरिकेत लाकूड ‘बोर्ड फूट’ने विकतात: एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. असे बारा बोर्ड फूट म्हणजे आपला एक घनफूट. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, अडीच इंच जाड फळी भरते ६० बोर्ड फूट, म्हणजे पाच घनफूट. वाळताना फळी थोडीफार पिळवटते. ती सपाट करून दोन इंचांवर आणली की उरतात चार घनफूट. पैसे पाचांचे, मेज चारांचे.

त्यात रुंद फळीचा दर मुळातच चढा. तीन फूट रुंदीची फळी मिळायला खोडाचा व्यास त्याहून जास्त लागतो आणि अक्रोडाला तेवढे व्हायला साधारण शतकभर लागते. त्या ओंडक्यातूनही पूर्ण रुंदीच्या फळ्या मधल्या भागातच निघतात. साध्या फळ्या कापताना गाठ किंवा पोकळी वगळून बाकीचा माल वाचवता येतो. अखंड फळीत ती सोय नाही. एक खोल चीर निघाली की सगळ्या फळीचाच भाव उतरतो.

असे जाड खोड बऱ्याचदा जंगलातले नसून कुणाच्या अंगणातले, रस्त्याकडेचे असते. त्यात जुने खिळे, कुंपणाची तार खोडाने गिळलेली असते आणि करवतीचे पाते एका फटक्यात वाया जाते. नेहमीच्या पट्टा करवतीत एवढी रुंदी मावत नाही. मग लांब पात्याची साखळी करवत लावावी लागते. पट्टा करवत दोनेक मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, साखळी करवत जवळजवळ सेंटिमीटरभर. प्रत्येक कापामागे तेवढे लाकूड जमिनीवर जाते.

खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. ओले लाकूड सावलीत, हवेवर वाळायला दर इंच जाडीला साधारण एक वर्ष घेते. फळ्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने रचतात, मध्ये सारख्या अंतरावर पट्ट्या ठेवतात. टोकांकडून पाणी भराभर निघून चिरा पडतात म्हणून तिथे मेण लावतात. मग भट्टी. तिथल्या उष्णतेने सालीखाली लपलेली कीडही मरते. एवढे करूनही काही फळ्या फाटतातच आणि त्यांचा भुर्दंड चांगल्या फळ्यांच्या दरात मिसळतो. दोन-तीन वर्षे अडकलेले भांडवल आणि गोदामाची जागा यांचाही हिशेब त्याच दरात असतो.

नाकाशिमांनी मात्र भेगेला दोष मानले नाही. फुलपाखराच्या आकाराचे कठीण लाकडाचे तुकडे आडवे बसवून त्यांनी चीर थांबवली आणि ती उघडपणे दिसू दिली. १९८४ मध्ये त्यांना अक्रोडाचा एक अवाढव्य ओंडका मिळाला. त्यातून प्रत्येक खंडासाठी एक शांतीचे मेज करायचे त्यांनी ठरवले. पहिले १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये बसले. १९९० मध्ये नाकाशिमा गेले. कन्या मिरा यांनी काम पुढे नेले आणि १९९६ मध्ये आशियाचे मेज ऑरोव्हिलला आले.

आपल्याकडे अशी फळी घेताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. आपला सुतार सागाची पांढरी कड आधी काढून टाकतो, कारण वाळवी आणि भुंगा तिथेच लागतो, गाभा टिकतो. लाइव्ह एजमध्ये नेमकी तीच कड राखायची असते. म्हणून साल पूर्ण काढली आहे का, कीडनाशक प्रक्रिया झाली आहे का, हे विचारलेच पाहिजे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लाकूड हवेतले पाणी पिऊन रुंदावते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मेजाचे पाय स्क्रूने घट्ट आवळले तर फळी फाटते. भोके लांबट ठेवावी लागतात. विक्रेत्याने ओलावा मोजण्याचे यंत्र आपल्यासमोर फळीला, तेही दोन-तीन जागी, लावून दाखवावे. सांगितलेला दर रंधा मारण्याआधीच्या जाडीचा की नंतरच्या, हेही आधीच ठरवून घ्यावे.

किंमत खाली आणायचा प्रामाणिक मार्ग एकच: ओली फळी घेऊन स्वतः वाळवणे. तिचा दर कमी असतो, कारण थांबण्याचे काम आणि फाटण्याची जोखीम विक्रेता आपल्याकडे सोपवतो. त्यासाठी पाऊस न लागणारी, वारा खेळणारी शेड हवी, सपाट ओटा हवा, वर ठेवायला वजन हवे आणि जाडीप्रमाणे दोन-तीन वर्षे फळी न हलवण्याची तयारी हवी. ज्याला दिवाळीपर्यंत जेवणाचे मेज हवे आहे, त्याने वाळलेल्या फळीचे पैसे मोजावेत; ते रास्तच असतात.