व्हिडिओ गेमचा खर्च आणि निर्मात्याचे स्वातंत्र्य : गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हिडिओ गेमच्या व्यवसायात ‘प्रकाशक’ म्हणजे गेम घडवणाऱ्या संघाला निर्मितीसाठी पैसा पुरवणारी आणि पुढे त्या गेमची जाहिरात व वितरण सांभाळणारी संस्था होय. या पैशाविषयी आणि त्यासोबत येणाऱ्या बंधनांविषयी काही समजुती रूढ आहेत; त्या तपासून पाहणे आवश्यक आहे.

गैरसमज : गेमचा खर्च मुख्यतः यंत्रांवर होतो.
वस्तुस्थिती : खर्चाचा मोठा वाटा वेतनाचा असतो, म्हणजे किती माणसे किती महिने काम करतात यावर तो ठरतो. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेमला सुमारे 22 कोटी डॉलर लागल्याचे 2023 मध्ये न्यायालयीन कागदपत्रांतून उघड झाले, तर 2016 चा ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन यांनी चारहून अधिक वर्षे खपून एकट्याने घडवला.

गैरसमज : लोकवर्गणी मिळवली की प्रकाशकाची गरज उरत नाही.
वस्तुस्थिती : मुळात लोकवर्गणी मिळेलच असे नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’साठी 2017 मध्ये ‘किकस्टार्टर’ या लोकवर्गणीच्या मंचावर वर्गणी मागितली; तेथे ठरवलेली पूर्ण रक्कम जमली तरच पैसे हाती येतात आणि ती जमली नाही. पुढे ‘एपिक गेम्स’चे अनुदान आणि ‘सुपर डॉट कॉम’ हा प्रकाशक मिळून 2020 मध्ये गेम प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळाले. दुर्गा आणि विष्णू यांच्या निवेदनातून उलगडणारी ही भारतीय कथा प्रकाशक आल्यानंतरही भारतीयच राहिली.

गैरसमज : प्रकाशकाचा पैसा घेतला की गेम त्याच्या मालकीचा होतो.
वस्तुस्थिती : हा पैसा बहुधा उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, असतो. धाराशिवच्या ऊसतोड मजुरांना परिचित असलेली उचल श्रमातून फिटते, तर गेमची उचल विक्रीच्या उत्पन्नातून वळती होते आणि ती फिटेपर्यंत निर्मात्याचा वाटा अडू शकतो. मात्र मालकी कोणाची, हे करारातील कलमे ठरवतात. ‘स्टारड्यू व्हॅली’चे हक्क बॅरोन यांच्याकडेच असल्यामुळे, आरंभी ‘चकलफिश’ने प्रकाशित केलेल्या या गेमचे प्रकाशन त्यांना पुढे बहुतेक मंचांवर स्वतःकडे घेता आले. म्हणूनच हप्ते कोणत्या टप्प्याला मिळणार, कथेत बदल सुचवण्याचा अधिकार कोणाला आणि पात्रांचे हक्क कोणाचे, हे प्रश्न सहीपूर्वी विचारणे हेच स्वातंत्र्याचे खरे रक्षण आहे.

गैरसमज : धाराशिवसारख्या जिल्ह्यातून असे काम होणे अशक्य आहे.
वस्तुस्थिती : ‘गोडो’सारखे गेम-इंजिन, म्हणजे गेम रचण्याचे तयार साधन, विनामूल्य मिळते आणि ‘स्टीम’ या विक्रीमंचावर एका गेमची नोंदणी 100 डॉलरमध्ये होते. तुळजापूरची महिषासुरमर्दिनी, नळदुर्गचा किल्ला आणि तेरचे प्राचीन अवशेष यांच्या रूपाने कथाबीजही जिल्ह्यात विपुल आहे. कमतरता आहे ती गेम पूर्ण होईपर्यंत निर्मात्याचे घर चालवणाऱ्या पैशाची. तो पैसा कोणत्या अटींवर घ्यावा हे जाणणारा निर्माता जिल्ह्यात राहूनही स्वतःची कथा स्वतःच्या पद्धतीने सांगू शकेल.