ट्रॅक्टरचे मागचे स्पीकर बंद करणारा स्विच

पाचोऱ्यात ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान टाकायचं म्हणताय, तर हे गिऱ्हाईक येणारच: "भाऊ, गावातून जाताना मडगार्डवरचे दोन स्पीकर बंद झाले पाहिजेत, छताचे चालू राहू द्या."

आधी टेप बघा. चार चॅनलचा असेल तर त्यात फेडर असतो, मागचे स्पीकर तिथूनच बंद होतात. मग स्विच विकू नका, फेडर दाखवा. आजची मजुरी बुडेल, पण पूर्ण वायरिंगचं काम निघालं की तो माणूस तुम्हालाच शोधत येईल.

दोन चॅनलचा असेल तर सहा पायांचा टॉगल स्विच घ्या. मधल्या दोन पायांवर टेपच्या डाव्या-उजव्या प्लस वायरी, एका बाजूच्या दोन पायांवर मडगार्डच्या स्पीकरच्या प्लस. उरलेले दोन पाय रिकामे. (बोटीवरच्या स्टिरिओलाही हीच पद्धत चालते, पण आपल्या गिरणेत तेवढं पाणी कुठं!)

नवखा चुकतो ते मायनसमध्ये. एकच पोल वापरायचा म्हणून दोन्ही मायनस एकत्र करतो, नाहीतर बॉडीला जोडतो. आजच्या बहुतेक टेपमध्ये स्पीकरची मायनस म्हणजे अर्थ नसते. आयसी जळते आणि नवीन टेप तुमच्या खिशातून जातो.

शिवाय 4 ओहमचे दोन स्पीकर एका चॅनलला समांतर जोडले की लोड 2 ओहम होतो. टेपवर किमान 4 लिहिलं असेल, तर चारही स्पीकर 8 ओहमचेच हवेत. मजुरी सांगण्याआधी मीटर लावा. आकडा थोडा कमी दिसेल, घाबरू नका.